बेलापूरच्या खाडीत जिताड्यामागे: भांगाच्या पाण्यावरचा एक दिवस

नवी मुंबईतल्या बेलापूरच्या खाडीत जिताडा हा मासा गळाने धरायला जायची आमची तारीख आधी रविवारची ठरली होती. होडी चालवणाऱ्या तांडेलांनी ती फोनवरच मोडली. रविवारपर्यंत पौर्णिमा जवळ येते, उधाणाचं पाणी तळाचा सगळा गाळ वर काढतं, ल्यूरवर, म्हणजे नकली आमिषावर, जिताडा हवा असेल तर दशमीला या, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. फाल्गुन शुद्ध दशमी आठवड्याच्या मधल्या वारी येत होती. आम्ही दोघांनी रजा टाकली आणि दिवसभरात जे काही मिळालं ते त्या एका फोनमुळे मिळालं, असं माझं ठाम मत आहे.

गळाचा हात बसलेला आहे आणि आता वाटाड्या घेऊन खाडीत पूर्ण दिवस काढायचाय, अशांसाठी हे लिहितोय. गाठी कशा मारायच्या ते यात नाही.

पाण्याचं गणित आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबई बंदरात भरती आणि ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, ते उधाण. अष्टमी-नवमीला तो दोन मीटरच्या आसपास उतरतो, तो भांग. उधाणात पाणी जोरात धावतं आणि चहासारखं गढूळ होतं. अगदी मेल्या भांगाला ते निवळतं खरं, पण हलतच नाही, आणि पाणी हललं नाही तर जिताडा जागचा उठत नाही. म्हणून भांग संपून पाण्याला पुन्हा जोर यायला लागतो ते दोन-तीन दिवस पकडायचे. वेळ काढायला कोळीवाड्यातला जुना हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. दशमीचे साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातला भरती, दीडच्या सुमारास सुकती (पूर्ण ओहोटी), रात्री आठला पुन्हा भरती. सकाळभर उतरतं पाणी आणि दुपारनंतर चढतं. दिवसभराच्या फेरीला याहून चांगली मांडणी मिळणं कठीण. बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता जवळ असू द्याच, पण महिनाभर आधी रजेचा अर्ज करताना हा हिशोब फार कामाला येतो.

बोट दिवाळे कोळीवाड्याच्या जेट्टीवरून निघाली. बेलापूर स्टेशनवरून रिक्षा मिळते, पण पहाटे पाचला रिक्षावाल्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवलेलं बरं. होळी पाच दिवसांवर होती, त्यामुळे काठावर ओढलेल्या होड्यांना रंग चढत होता आणि सगळ्या जेट्टीवर ताज्या ऑइलपेंटचा वास होता. आमची होडी फायबरची, पंचवीसेक फुटांची, मागे इंजिन, सावली नावालाही नाही. तांडेल आणि त्यांचा पुतण्या असे दोघे बरोबर. पुतण्या वल्हं सांभाळतो आणि ते काम किती महत्त्वाचं आहे हे पुढे कळलं.

सहाला निघालो तेव्हा पाणी तिवरांच्या आत शिरत होतं. अशा वेळी मासा मुळांमध्ये पांगलेला असतो, तिथे ल्यूर टाकला की फांदीत अडकणार. त्यामुळे पहिले दोन तास उलव्याच्या बाजूला एका फुटक्या दगडी बांधावर घालवले. बुडालेले दगड, त्यावर कालवं आणि कडेने वाहतं पाणी. इथे तांब नावाची मासळी असते. माझ्या सोबत्याने लहान मिनो (छोट्या माशाच्या आकाराचा ल्यूर) दगडाला घासून आणला आणि दुसऱ्या की तिसऱ्या फेकीला रॉड खाली वाकला. तांब घेतली की सरळ बिळाकडे पळते, तिला अर्धा हातही दोर द्यायचा नाही. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, आवळून ठेवा. हाताएवढी होती, तांब्याच्या भांड्याच्या रंगाची, आणि तिचे पुढचे दात पाहिल्यावर कुणी तिच्या तोंडात अंगठा घालणार नाही.

आठनंतर पाणी फिरलं. आम्ही दोघेही उगाच इकडेतिकडे फेकत होतो, तेव्हा तांडेल म्हणाले, “आधी पानी बघा, म्हावरं मंग.” आणि पुढचा अर्धा तास त्यांनी एकही गळ टाकू दिला नाही. होडी पनवेल खाडीत तिवरांच्या कडेकडेने नेली. इंजिन बंद, फक्त वल्हं. खाजणातून, म्हणजे तिवरांमागच्या दलदलीतून, पाणी खाडीत उतरतं ते छोट्या छोट्या ओहोळांतून. वरून सगळे सारखेच दिसतात. पण काही ओहोळांचं पाणी गढूळ येतं आणि मुख्य प्रवाहाच्या जरा निवळ पाण्याला लागलं की तिथे सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर बोय माशांची पिल्लं थरथरत होती. मधेच सगळी एकदम बाजूला फुटली, जणू कुणी मूठभर खडे फेकले. तांडेलांनी बोट केलं आणि हळूच लंगर सोडला, वरच्या अंगाला, ओहोळापासून चांगल्या पंचवीस मीटरवर. जवळ जायचा मोह होतो. जाऊ नका. उथळ पाण्यात होडीच्या तळावर डबा पडला तरी जागा तासभर मेली समजा.

ल्यूर टाकायचा तो ओहोळाच्या तोंडात नाही, वरच्या काठावर, आणि प्रवाहाने तो रेघेवर आणू द्यायचा. मी चार इंची रबरी मासा वापरला, पांढरा, रुंद शेपटीचा, बारा ग्रॅमच्या जिग हेडवर, म्हणजे वजनाचं डोकं असलेल्या हूकवर. या पाण्यात मासा डोळ्यांपेक्षा अंगाला जाणवणाऱ्या थरथरीवर जास्त जातो, म्हणून शेपटी जाड हवी. तळाला टेकू द्या, दोन छोटे झटके, पुन्हा टेकू द्या. जिताडा बहुतेक वेळा खाली पडतानाच घेतो, त्यामुळे सैल दोर नुसता बघत राहायचा.

माझा दोर एकदा किंचित बाजूला सरकला. झटका नाही, काही नाही. मी हूक बसवला आणि समोर जिताडा पाण्याबाहेर अर्धा आला, कल्ले फाकवून डोकं हलवत. त्या वेळी रॉडचं टोक पाण्याकडे खाली न्यायचं. वर धरलं की तो पुन्हा उडी मारतो आणि हूक निसटतो. तो दोनदा तिवरांकडे वळला. दोन्ही वेळा पुतण्याने न सांगता होडीचं तोंड फिरवलं, नाहीतर दोर मुळांत गेलाच असता. जाळ्यात घेतल्यावर मोजला, एकाहत्तर सेंटिमीटर. चाळीस पौंडांचा लीडर, म्हणजे हूकजवळचा जाड दोर, वीतभर खरवडून पांढरा पडला होता. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी धारदार असते, हे हाताने तपासायची गरज नाही. प्रत्येक माशानंतर लीडरवरून नख फिरवा, खरखर लागली की तेवढा तुकडा कापून टाका.

तो आम्ही सोडला. याबद्दल मला जरा बोलायचंय. जिताडा जन्मतः नर असतो आणि वाढत वाढत मादी होतो, साधारण ऐंशी-नव्वद सेंटिमीटरच्या पुढे. म्हणजे फोटोसाठी सगळ्यांना हवा असलेला मोठा मासा जवळजवळ नेहमी अंड्यांची मादी असतो, आणि तिच्याच पोटी पावसाळ्यात खाडीच्या तोंडाजवळच्या खाऱ्या पाण्यात पुढची पिढी यायची असते. पन्नास-साठचा एखादा घरी न्या, कालवणाला तोच चांगला. त्याच्यावरचा पाण्यातच ठेवून हूक काढा, फोटो एकच, आणि तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः जोर लावेपर्यंत धरा. हूकचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवलात तर हे सगळं मिनिटात होतं. त्या सकाळी त्या ओहोळावर आणि पुढच्या दोन ओहोळांवर आम्हाला आणखी जिताडे लागले, एक पन्नाशीतला ठेवला, तोही तांडेलांच्या घरी गेला.

दुपार कंटाळवाणी. बाराच्या पुढे पाणी थांबलं, वारा पश्चिमेकडून चढला, शिंगाळा माशांशिवाय काही नाही. शिंगाळ्याचा काटा विषारी असतो, पायाखाली येऊ देऊ नका. लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात जखम अर्धा-पाऊण तास ठेवायची आणि मग डॉक्टरकडे जायचं. आम्ही थर्मासभर गरम पाणी मुद्दाम नेलं होतं. तीननंतर चढत्या पाण्यावर बांधावर आणखी एक तांब मिळाली आणि पाचला परत फिरलो.

अटल सेतूच्या खांबांकडे न्यायला तांडेलांनी साफ नकार दिला. १२ जानेवारी २०२४ ला त्याचं उद्घाटन झाल्यापासून प्रत्येक जण तेच मागतो म्हणे. तिथे जहाजांची ये-जा, वर सुरक्षेचा प्रश्न. वाटेत सागरी पोलिसांनी आमची ओळखपत्रं पाहिलीच, आधार जवळ ठेवा. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला भाग तर २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून ठाण्याची खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिकडे गळ घेऊन जाण्याचा विषयच काढू नका.

आणखी एक. खाडीत रोवलेले खांब आणि तरंगते डबे दिसले की ती कुणाची तरी जाळी असतात, आणि त्यावर कुणाचं तरी घर चालतं. ल्यूर अडकला तर दोर आपला कापायचा, जाळं नाही. चिखलात बायका कालवं काढत असतील तिथून इंजिन हळू करायला सांगा. चांगला तांडेल ते न सांगताच करतो, आणि बोट ठरवताना मी आता हेच विचारून घेतो: इंजिन बंद करून वल्ह्यावर नेणार का, लाइफ जॅकेट प्रत्येकाला आहे का, भाडं बोटीचं की माणशी, डिझेल त्यात धरलंय का. तिघांच्या वर माणसं नेऊ नका, फेकायला जागा उरत नाही.

सामानात सात फुटी मध्यम रॉड, चार हजारी रील, वीस-तीस पौंडांची ब्रेड (विणलेला दोर), चाळीसचा लीडर, दहा ते अठरा ग्रॅमची जिग हेड्स, लांब नाकाची पक्कड. माणशी चार लिटर पाणी, लांब बाह्यांचा सदरा आणि चिखलात निघणार नाहीत असे पट्ट्यांचे सँडल. पोलरॉइड चष्म्याशिवाय ती पाण्याची रेघ दिसतच नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, आणि मे महिन्यात वारा सकाळी दहालाच उठतो. तेव्हा चैत्र-वैशाखातल्या दशम्या-एकादश्या आत्ताच कॅलेंडरवर खुणावून तांडेलांना फोन करा. कृष्ण पक्षातल्याही चालतात, पाण्याचा हिशोब तोच.