शून्यापासून मोजायचं

आमच्या भिंतीवरचं किल्लीचं घड्याळ गेल्या आठवड्यात 11 सेकंद पुढे गेलं. सात दिवसांत फक्त 11 सेकंद! ज्या घड्याळाने सव्वा वर्षात कधी सलग दोन तास धड चालून दाखवलं नव्हतं, त्याची ही मजल. मी वहीत तारीख घातली, पुढे ‘+11’ लिहिलं आणि लगेच रोल नंबर 17ला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, “मॅडम, आता लोलकाच्या नटाला हात लावू नका.”

मी 31 वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. मुलांची नावं कधीकधी ओठांवर येता येता अडतात, पण रोल नंबर पक्के डोक्यात बसलेत. रोज सकाळी त्याच क्रमाने हजेरी घेतलेली, ती कशी विसरणार? म्हणून इथेही नंबरच लिहिते. मुलांना त्याचं काही वाटत नाही. 17 तर फोन लागला की “मॅडम, सतरा बोलतोय” असंच म्हणतो.

घड्याळ थोरल्या बहिणीकडून आलं. घर आवरताना माळ्यावर सापडलं आणि “तुला आवडतात असल्या गोष्टी” म्हणून तिने ते पाठवून दिलं. आठ दिवसांची किल्ली, तबकडीत सहाच्या वर एक छोटासा सेकंद काटा, आणि खाली पोलादी तारेला टांगलेला साधारण 25 सेंटिमीटरचा लोलक. म्हणजे एक दोलन एका सेकंदाचं. मी ते उघडलं, धूळ काढली, डोळ्याला भिंग लावून एकेका चक्राचे दाते तपासले, आसांच्या टोकांना सुईच्या अग्राने तेलाचा थेंब थेंब दिला. किल्ली दिली, लोलक हलवला. चाललं! पाऊण तास चाललं आणि थांबलं. पुन्हा हलवला, पुन्हा थांबलं. असं वर्षभर. नवरा सकाळी उठला की आधी घड्याळाकडे बघायचा आणि मग काही न बोलता माझ्याकडे.

इथे 17चा इतिहास सांगायलाच हवा.

प्रथम वर्षाला साध्या लोलकाचा प्रयोग असतो. स्टँडला दोरा, दोऱ्याला धातूचा गोळा, हातात स्टॉपवॉच. 20 दोलनांना लागलेला वेळ मोजायचा, त्याला 20ने भागायचं, दोऱ्याची लांबी बदलत जायचं. मग लांबी आणि दोलनकालाचा वर्ग यांचा आलेख काढायचा आणि त्याच्या चढावरून गुरुत्व त्वरण काढायचं. उत्तर 9.8च्या आसपास यायला हवं हे सगळ्यांनाच ठाऊक. त्यामुळे बहुतेक जर्नलांत ते तसंच येतं. मुलांच्या भाषेत याला ‘रीडिंग बसवणं’ म्हणतात.

17ने जर्नल पुढे ठेवलं. उत्तर होतं 10.86. मी म्हटलं, पुन्हा घे. त्याने पुन्हा घेतलं, 10.84 आलं. तिसऱ्यांदा 10.87. बाजूच्या टेबलावरची मुलं त्याला खुणा करत होती, की बसव आणि सूट. हा गडी ढिम्म हलेना. “येतंय ते हेच येतंय, मॅडम.” आणि गंमत अशी, की त्याचा आलेख वर्गात सगळ्यात देखणा होता. प्रत्येक बिंदू रेषेवर, आणि रेषा थेट शून्यातून निघालेली. इतक्या निगुतीने घेतलेली रीडिंगं आणि उत्तर भलतंच.

मी स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, माझ्यासमोर मोज. त्याने गोळा बाजूला घेतला, सोडला, त्याच क्षणी स्टॉपवॉच दाबलं आणि म्हणाला, “एक.”

सापडलं! ‘एक’ म्हणताना अजून एकही दोलन झालेलं नव्हतं. ‘वीस’ म्हणेपर्यंत झालेली असायची 19. प्रत्येक लांबीला तेच, म्हणून रेषा सरळच राहिली, फक्त चढ बदलला. मी काही बोलायच्या आत त्याने जर्नलच्या शेवटच्या पानावर 19 भागिले 20चा वर्ग केला, 0.9025. मग 9.8ला त्याने भागलं आणि 10.86 आल्यावर असा हसला, की अख्खी प्रयोगशाळा वळून बघायला लागली. चूक कुठे आहे हे कळल्याचा एवढा निर्मळ आनंद मी फार थोड्या चेहऱ्यांवर पाहिलाय. त्याने रीडिंग बसवलं असतं तर तो आनंद त्यालाही मिळाला नसता आणि मलाही. त्या वर्षापासून प्रत्येक बॅचला मी लोलक सोडताना मोठ्याने ‘शून्य’ म्हणायला लावलं.

तर हा 17. आता लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. मागच्या वर्षी एका संध्याकाळी त्याचा सहज फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा चालल्या होत्या, इतक्यात तो थांबला. “मॅडम, मागे घड्याळ चालू आहे का?” मी म्हटलं, हो, आत्ताच हलवलंय, थांबेल थोड्या वेळाने. “थांबणारच. लंगडतंय ते.”

लंगडतंय! मी फोन कानाला तसाच धरून घड्याळाजवळ गेले आणि वर्षभरात पहिल्यांदा ते नीट ऐकलं. टिक-टॉक... टिक-टॉक... दोन ठोक्यांमधली अंतरं सारखी नव्हतीच. टिकनंतर टॉक घाईने यायचा आणि मग पुढचा टिक उशिरा. वर्षभर मी त्या घड्याळाकडे भिंगातून बघत होते. ऐकलं मात्र नव्हतं.

त्याने फोनवरच सांगितलं. घड्याळ भिंतीवर जरासं डावीकडे कलतं करा. आता उजवीकडे. थोडं आणखी. मी घड्याळाचं लाकूड धरून केसभर केसभर सरकवत होते आणि तो तिकडे कान लावून बसला होता. “थांबा! आता कसं वाटतंय?” टिक, टॉक, टिक, टॉक. एकसारखं, कवायतीच्या पावलांसारखं. पण घड्याळ भिंतीवर तिरकं झालेलं. मग त्याने पुढचं समजावलं. लोलकाच्या तारेला मागून हलकेच रेटणारी एक बारीक सळई असते, तिला क्रच म्हणतात. ती अगदी किंचित वाकवली की घड्याळ सरळ टांगूनही ठोके सारखे पडतात. ठोके विषम असले की एका बाजूला अँकरचा, म्हणजे चक्राला अडवत-सोडत राहणाऱ्या आकड्याचा, दात चक्राला जेमतेम सोडतो, लोलकाला धक्का पुरेसा मिळत नाही, झोका कमी कमी होत जातो आणि एका फेरीत चक्र सुटतच नाही. संपलं, घड्याळ बंद. तेलाचा नि धुळीचा काही संबंध नव्हता.

क्रच वाकवताना माझा हात थरथरत होता. “वाकवा, मॅडम, तुटत नाही ते,” असं तो तीनदा म्हणाला. त्या रात्री घड्याळ चाललं. सकाळी उठले तेव्हाही चालत होतं. नवऱ्याने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि टाळ्या वाजवल्या.

मी 17ला विचारलं, तुला हे सगळं कुठून येतं? तेव्हा कळलं, की त्याचे वडील घड्याळदुरुस्ती करायचे. लहानपणी हा दुरुस्तीला आलेल्या घड्याळांच्या आवाजातच झोपायचा. मी म्हटलं, अरे, तीन वर्षं माझ्या वर्गात होतास, कधी बोलला नाहीस! तो म्हणाला, “तुम्ही पुस्तकातला लोलक शिकवत होतात. मला वाटलं, तो वेगळा असेल.”

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्याच्या घरात भिंतीभर लोलक हलत होते आणि वर्गात मी फळ्यावर आणखी एक काढत होते. ते दोन्ही एकच आहेत हे त्याला सांगायला मला वीस वर्षं लागली, आणि सांगितलं तेही त्यानेच. आता जुना विद्यार्थी भेटला की मी आधी घरचं विचारते, लहानपणी घरात काय काय होतं ते विचारते. किती तऱ्हेतऱ्हेचं निघतं म्हणून सांगू!

दुसरी 41. ही शेवटच्या बाकावर खिडकीशी बसायची. एकदा मी वर्गात ज्याँ रिशे याची गोष्ट सांगत होते. 1672 साली हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला. पॅरिसमध्ये बरोबर चालणारं लोलकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं, लोलक आखूड करावा लागला. कारण तिथे गुरुत्व जरा कमी. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आणि मध्ये फुगीर आहे, याचा तो एक सुरुवातीचा पुरावा. गोष्ट संपली, मुलं वह्या मिटायला लागली आणि 41ने हात वर केला. “पण मॅडम, तिथे ताडून बघायला दुसरं घड्याळ होतं कुठे? मग हे मागे पडतंय हे कळलं कशावरून?”

असा प्रश्न ऐकला की अंगावर रोमांच येतो. तास संपत आला होता, तरी उभ्या उभ्या सांगितलं: ताऱ्यांवरून. कुठलाही तारा आकाशातल्या त्याच जागी 23 तास 56 मिनिटं 4 सेकंदांनी परत येतो. त्यात लबाडी नाही. वर असलेलं घड्याळ कधी मागे पडत नाही.

41 आता एका ऑफिसात पगारपत्रकं बघते आणि रात्री गच्चीवर असते. तिनेच मला हा नाद लावला. तुम्हीही करून बघा, दुर्बीण लागत नाही. समोरच्या इमारतीची एखादी उभी, सरळ कड निवडायची. आपलं डोकं रोज नेमकं एकाच जागी येईल अशी सोय करायची. मी खिडकीच्या गजाला एक पुठ्ठा बांधलाय, त्याला बारीक भोक पाडलंय, त्यातून बघते. एक ठळक तारा निवडायचा, ग्रह नको, कारण ग्रह ताऱ्यांमधून सरकत असतात. तारा हळूहळू कडेकडे येतो आणि एका क्षणी टपकन नाहीसा होतो. विझल्यासारखा. तो इतका दूर असतो, की आपल्याला नुसता बिंदूच दिसतो, त्यामुळे अर्धा झाकला असं होतच नाही. तेवढ्यात घड्याळ बघायचं. दुसऱ्या रात्री तोच तारा 3 मिनिटं 56 सेकंद आधी जातो, आठवड्याने 27 मिनिटं 31 सेकंद आधी. माझ्या घड्याळात तो या वेळी 27 मिनिटं 20 सेकंदच आधी गेला. ते 11 सेकंद असे निघाले.

फोनवर वेळ दिसते की, असं नवरा पहिल्या आठवड्यात म्हणाला होता. आता सेकंद तोच ओरडून सांगतो. मी भोकाला डोळा लावून “गेला!” म्हणते आणि तो आतून आकडा म्हणतो. गेल्या कित्येक वर्षांत आम्ही दोघांनी मिळून इतकं एकचित्त होऊन काही केलेलं आठवत नाही.

रोल नंबर 8 हा शाळेत शिकवतो. त्याने परवा एक व्हिडिओ पाठवला: दोन रिकाम्या डब्यांवर एक हलकी फळी, फळीवर पाच मेट्रोनोम, म्हणजे गाण्याच्या सरावासाठी टकटक ताल देणारी यंत्रं, मुलांनी वाटेल तसे सोडलेले. सुरुवातीला नुसता गोंगाट. हळूहळू एकेक जुळत जातो आणि शेवटी पाचही एका ठोक्यात. फळी इकडेतिकडे सरकते, त्यातून ते एकमेकांना ओढून घेतात. 1665 साली आजारी पडलेल्या हायगेन्स या डच शास्त्रज्ञाला एकाच आधाराला टांगलेली आपली दोन घड्याळं अशीच जुळताना दिसली होती, फक्त त्यांचे लोलक एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जात होते. व्हिडिओतली मुलं मात्र मेट्रोनोमबरोबर स्वतःच डोलायला लागली होती. मी तो सात वेळा पाहिला.

आता त्या 11 सेकंदांचं. माझे हात शिवशिवत होते. 25 सेंटिमीटरचा लोलक 1 मिलिमीटर खाली घेतला तर दिवसाला जवळजवळ 3 मिनिटं मागे पडतं. म्हणजे नट नुसता जाणवेल न जाणवेल इतका फिरवायचा. पण 17 म्हणाला, थांबा, हवा बदलू द्या. मी कागद घेतला. पोलादाची तार उष्णतेने किंचित लांबते, तापमान 1 अंश वाढलं की दिवसाला सुमारे अर्धा सेकंद मागे. माझं पुढे जाणं दिवसाला दीड सेकंदाच्या आसपास. म्हणजे 3 अंश. गारठा सरला की होईलच तेवढं. वहीत आणखी एक रकाना आखलाय, तापमानाचा, आणि घड्याळाच्या पेटीत एक छोटा तापमापक टांगलाय.

आज रविवार, किल्ली दिली. पंधरा फेरे, शून्यापासून मोजून. रात्री तारा बघायचा होता, पण संध्याकाळपासून आभाळ भरून आलंय. 41ला कळवलं. तिचं उत्तर आलं, “इकडेही. उद्या 3 मिनिटं 56 सेकंद आधी या.”