तुम्ही विचारलंत म्हणून: कोबुर्गच्या ढालीवरचा काळा चेहरा

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातल्या कोबुर्गचं नगरचिन्ह अगदी साधं आहे. सोनेरी ढाल, तिच्यावर एका काळ्या माणसाचं डोकं, कानात बाळी. गावातल्या गटारांच्या झाकणांवरही तेच. ते बघून हमखास विचारलं जातं, हा गुलाम आहे का?

नाही. तो संत मॉरिस, या गावाचा रक्षक संत. आख्यायिकेनुसार तो इजिप्तमधल्या थीब्जच्या रोमन पलटणीचा सेनानी. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती श्रद्धा सोडायला त्यानं नकार दिला आणि आजच्या स्वित्झर्लंडमध्ये पलटणीसह मारला गेला. आधीचे चित्रकार त्याला गोराच दाखवत. 1240च्या सुमारास माग्डेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये त्याचा दगडी पुतळा घडला, अंगात साखळी चिलखत आणि चेहरा स्पष्ट आफ्रिकी. जर्मन प्रदेशात मग हेच रूप रुजलं.

ढाल वाचायची तर आधी पार्श्वभूमी बघा. ढालचिन्हांच्या नियमांत सोनं आणि चांदी हे ‘धातू’, म्हणजे पिवळा आणि पांढरा. लाल, निळा, काळा, हिरवा हे ‘रंग’. धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवायचा नाही, कारण लांबून ओळखू येत नाही. सोन्यावर काळं म्हणूनच इतकं उठून दिसतं. उजवी-डावी बाजू ढाल धरणाऱ्याची मोजतात. त्यामुळे ढालीच्या उजवीकडे वळलेला हा चेहरा आपल्याला डावीकडे वळलेला दिसतो. छापताना चित्र उलटं पडलं की इथेच चूक होते. एकाच शाईत छापायचं असेल तर सोन्यासाठी ठिपके आणि काळ्यासाठी आडव्या-उभ्या रेघांची जाळी वापरतात.

या चेहऱ्याचे शत्रूही झाले. 1929 साली इथल्या नगरपरिषदेत नाझींना स्पष्ट बहुमत मिळालं. जर्मनीत असं घडलेलं हे पहिलं शहर. 1934 साली त्यांनी संताला हटवून मुठीवर स्वस्तिक असलेली तलवार आणली. 1945 साली संत परत आला.

अलीकडे, 2020 साली, हे चिन्ह वर्णद्वेषी आहे, बदला, अशी मागणी झाली. मला वाटतं, संत काढून टाकणं चूक ठरेल, पण जाड ओठांचं ठोकळेबाज रेखाटन बदलायलाच हवं. तसं करायला चिन्ह बदलावं लागत नाही. चिन्हाच्या वर्णनात वस्तू, रंग आणि दिशा ठरतात. नाक, ओठ, केस यांची रेघ चित्रकाराच्या हातात असते. नमुना म्हणून माग्डेबुर्गचा पुतळा समोर आहेच.