डब्यावरची लाल भुकटी

"ही भिंत ओली नाहीये, खारी आहे," आजी म्हणाल्या. घरमालकांनी सर्व्हेअरला शिकवायचं, हे मला रोजचंच आहे. त्यांचं बरोबर असणं मात्र रोजचं नाही.

मे महिन्यातली सकाळ होती. पिटनवीम हे स्कॉटलंडच्या फाइफ किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव. समुद्रावरून धुकं आत शिरलं होतं. इथले लोक त्याला 'हार' म्हणतात, आणि तो गावाच्या गळ्यात पडला की दोन-दोन दिवस उतरत नाही. बंदर हाकेच्या अंतरावर असूनही दिसत नव्हतं. एका बोटीचं इंजिन तेवढं ऐकू येत होतं. घर बंदराकडे उतरणाऱ्या एका अरुंद गल्लीत, दगडी, लाल कौलांचं. कौलं बघितली की मी अजूनही क्षणभर हर्णैला असतो. फरक एवढाच, की इथं कडेच्या त्रिकोणी भिंतीला जिन्यासारख्या पायऱ्या काढलेल्या असतात.

मी आलो होतो होम रिपोर्टसाठी. १ डिसेंबर २००८ पासून स्कॉटलंडमध्ये घर विकायला काढायचं तर, काही अपवाद सोडता, हा रिपोर्ट आधी हातात लागतो. त्यात आमचा सर्व्हे, ऊर्जेचा अहवाल आणि मालकानं स्वतः भरायची प्रश्नावली असते. पैसे विकणाऱ्यानं भरायचे आणि वाचायचं घेणाऱ्यानं. आपल्याकडे घर घेणारा सातबारा दहा वेळा तपासतो, भिंतीची ओल मात्र गणपतीआधी मारलेल्या रंगाखाली झाकली जाते. इथं ती झाकू नये म्हणून मला बोलावतात. छप्पर, धुराडी, पन्हळी, भिंती, फरशी, प्रत्येकाला एक, दोन किंवा तीन असा आकडा द्यायचा. एक म्हणजे ठीक, दोन म्हणजे पुढेमागे खर्च आहे, तीन म्हणजे आत्ताच बघा. खाली घराची किंमत लिहायची. त्या किमतीवर बँक कर्ज देते. बोली त्याच्या वर गेली तर वरचे पैसे घेणाऱ्यानं खिशातून घालायचे.

तर भिंत. समुद्राकडच्या भिंतीला ओल मोजायचं यंत्र टेकवलं की ते किंचाळायला लागायचं. नवशिका असतो तर तिथंच 'ओल' लिहून मोकळा झालो असतो. पण हे यंत्र लाकडासाठी बनवलेलं. दगड, गिलावा यांत ते फक्त इथं जास्त, तिथं कमी एवढंच सांगतं, आणि क्षार दिसले की सरळ खोटं बोलतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तसंच. वर्षानुवर्षं खारं वारं खाल्लेली भिंत हवेतली ओल ओढून घेते. हर्णैच्या आमच्या घराला समुद्राच्या अंगाला असाच लोणा धरायचा. आई दर चैत्रात तो खरवडून चुना काढायची. आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली, मी अखेर शिकलो एकदाचा, अशी.

मग मी वाकून तेच यंत्र भिंतीच्या पायथ्याच्या लाकडी पट्टीत टोचलं. आकडा २८. लाकडात ते बऱ्यापैकी खरं बोलतं, आणि २० च्या वर गेलं की माझे कान टवकारतात.

आम्हाला फरशा उखडायची परवानगी नसते. पक्का बसवलेला गालिचा उचलायचा नाही, सामान हलवायचं नाही, जे दिसतं ते बघायचं. पायाखालची फळी किंचित दबत होती, पण जुन्या घरातली कुठली फळी दबत नाही? मी विचारलं, शेगडीशेजारचं कपाट उघडू का? भिंतीत कोरलेल्या अशा कपाटाला इथं 'प्रेस' म्हणतात. आजींनी स्वतःच उघडलं. "थांबा हं, धूळ आहे," म्हणत त्यांनी ॲप्रनच्या टोकानं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्याचं झाकण पुसलं.

ॲप्रनवर लाल पट्टा उमटला.

"कौलांची भुकटी," त्या म्हणाल्या. "दर शनिवारी पुसते, पुढच्या शनिवारी पुन्हा हजर."

खरं सांगतो, मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. लहानपणी आमच्या मांडणीवरच्या पातेल्यांवर अशीच लाल धूळ बसायची. वरून माकडं गेली की जास्त. पण आमच्या मांडणीच्या वर थेट कौलं होती. या कपाटाच्या वर एक अख्खी खोली होती, तिच्यावर तक्तपोशी, तिच्यावर पोटमाळा. कौलांची भुकटी इतकं सगळं पार करून खालच्या डब्यावर कशी उतरणार? मी बोट फिरवलं. कौलाचा चुरा बोटाला खरखरीत लागतो. ही हळदीसारखी मऊ होती, रंग गंजाचा. कपाटात डोकं घातलं आणि अळंब्यांचा वास आला.

मागच्या फळीच्या सांध्यातून भाकरीसारखी एक चपटी बुरशी बाहेर आली होती. मधे तांबडी, कडेनं पांढरी. ड्राय रॉट. नाव कोरडं असलं तरी ती ओलीवरच जगते. लाकूड मात्र वड्या पाडल्यासारखं चौकोनी तडकवून कोरडंठाक करून टाकते. लाल भुकटी हे तिचे बीजाणू. तिची खरी भीती वेगळीच आहे. मधे दगड आले तरी ती थांबत नाही, सांध्यांतल्या जुन्या चुन्यातून तंतू काढत पलीकडचं लाकूड शोधते. म्हणजे मला दिसत होतं ते किती आणि फळ्यांखाली होतं ते किती, हे सांगायची सोय नव्हती.

बाहेर येऊन मी भिंत पुन्हा बघितली. वरची लोखंडी पन्हळ सांध्यावर गळत होती, खाली दगडावर हिरवा ओघळ होता. दगडांच्या दर्जा, म्हणजे दोन दगडांमधल्या फटी, कधीतरी सिमेंटनं भरलेल्या. मूळ चुना पाणी पितो आणि सोडतो. सिमेंट आत शिरलेलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. एवढ्यानंही कदाचित निभावलं असतं. पण जोत्यापाशी फळ्यांखाली हवा खेळायला ठेवलेले दोन झरोके होते. बॅटरी मारली तर जाळीमागे निळं काहीतरी कोंबलेलं दिसलं. नायलॉनचं मासेमारीचं जाळं, बोळे करून घट्ट बसवलेलं.

आजी दारात उभ्या होत्या. "ते ह्यांनी घातलं," त्या म्हणाल्या. "लग्न झालं त्या हिवाळ्यात. मला पायाला फार गार लागायचं." यजमान बोटीवर होते, वारून नऊ वर्षं झाली होती. प्रश्नावलीत ओल किंवा कीड यांवर काही उपचार केलेत का, या प्रश्नासमोर आजींनी 'नाही' लिहिलं होतं, आणि ते प्रामाणिक होतं.

मी त्यांना तिथंच सांगितलं. रिपोर्टमधून कळण्यापेक्षा तोंडानं कळलेलं बरं, असं माझं मत आहे. ऑफिसात सगळ्यांना ते पटत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. ऐकताना हात पुन्हा त्या झाकणावरून फिरत होता. मग विचारलं, "म्हणजे तीन?" मी हो म्हणालो. चहा झाला. डब्यातली बिस्किटं त्यांनी पुढे केली, मी दोन खाल्ली. झाकण घट्ट होतं.

चहा घेतानाच त्यांनी त्या जोडप्याबद्दल सांगितलं. गल्लीच्या वरच्या टोकाला भाड्यानं राहणारी, तिशीच्या आतली दोघं. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. आजी मुलीकडे डंडीला जाणार हे कळल्यापासून दोघं पैसे साठवत होती. त्यांनाच मिळालं तर बरं, असं आजींच्या मनात होतं.

गाडीत बसून मी थोडा वेळ काच खाली करून नुसता बसलो. 'दोन' लिहिता आलं असतं का? नाही. तो रिपोर्ट वाचून जो घर घेईल त्याच्याशीही माझी बांधिलकी असते. पण 'तीन' लिहिलं की पुढे काय होतं हे मला दहा वर्षांत पाठ झालंय. ड्राय रॉटचा शब्द बघून बँक बिचकते, दुरुस्ती होईपर्यंत कर्जाचा काही भाग रोखून धरते. दुरुस्तीला पैसे हवेत, पैसे कर्जातून यायचे, आणि कर्ज दुरुस्तीनंतर. ज्याच्याकडे रोकड आहे त्याला बँकेशी देणंघेणंच नसतं. किडलेलं घर त्याला उलट स्वस्तात पडतं. घर पोखरलंय हे मी लिहिलं की ते आपोआप पैसेवाल्याच्या दिशेनं सरकतं. मी खोटं काहीच लिहीत नाही, तरीही.

झालं तसंच. फळ्या उचलल्यावर बुरशी अर्ध्या खोलीखाली पसरलेली निघाली. त्या दोघांनी त्यांच्या वकिलामार्फत बोली लावली होती. बँकेचं पत्र आल्यावर मागे घेतली. घर २,१०,००० पौंडांना गेलं. विक्रीची किंमत इथं सरकारी नोंदीत कुणालाही बघता येते, आणि मी बघितली. घेणारे एडिनबराचे, त्यांचं हे दुसरं घर. दुसऱ्या घरावर इथं ८ टक्के जादा कर आहे, म्हणजे नेहमीच्या कराशिवाय १६,८०० पौंड. तो भरून घेतलं.

जानेवारीत त्याच गल्लीत दुसरं एक घर बघायला गेलो होतो. आजींच्या घराची पन्हळ नवी होती, दर्जांतलं सिमेंट काढून चुना भरला होता, आणि तो नीट, सावकाश भरला होता. काम जाणत्या हाताचं होतं. झरोके मोकळे. खिडक्यांच्या आतली लाकडी दारं लावलेली, दारावर किल्ल्यांची छोटी कुलूपबंद पेटी. वरच्या टोकाला इंजिनवाला गाडीत हत्यारं भरत होता. त्यानं मला ओळखलं, हात वर केला. मीही केला.