मागाच्या पेटीची फळी आणि निर्यातीचं पॅलेट

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत बाहेरून मागवलेला रेपिअर माग (एक प्रकारचा यंत्रमाग) उतरला की त्याच्या पेटीच्या फळ्या कुणी टाकून देत नाही. पाइनचं सरळसोट लाकूड, रंधा मारला की नवंकोरं. चार दिवसांत त्याचंच पॅलेट, म्हणजे माल रचायचा लाकडी चौथरा, होतं आणि वर टॉवेलचे कार्टन चढतात. गोदामात वापरायला उत्तम. तेच पॅलेट कंटेनरमध्ये बसवून निर्यातीसाठी न्हावा शेवा बंदराला पाठवलं की घोळ सुरू. फळीवर चीनचा किंवा इटलीचा, लाकडातली कीड मारल्याचा, अर्धा कापला गेलेला शिक्का असतो आणि सगळे म्हणतात, शिक्का आहे की!

तो शिक्का मेलेला आहे. लाकडी पॅकिंगमधून कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून केलेल्या आयएसपीएम १५ या नियमाप्रमाणे (२००२ चा, आयपीपीसी या वनस्पती संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचा) शिक्का त्या फळीचा नसतो, त्या अख्ख्या पेटीचा असतो. पेटी मोडली, फळ्या कापून दुसरी वस्तू केली, की जुने सगळे शिक्के खरवडून किंवा रंगाने बुजवून पूर्ण घालवायचे, नव्या वस्तूवर पुन्हा प्रक्रिया करायची आणि नवा शिक्का मारायचा. दुरुस्तीची सवलत आहे, पण एक तृतीयांशापर्यंत भाग बदलले तरच. त्यातही बदललेली प्रत्येक फळी प्रक्रिया केलेलीच हवी आणि तिच्यावर स्वतंत्र शिक्का हवा. आपल्या सुताराने वखारीतून आणलेली बाभळीची एक पट्टी ठोकली की बाकीचं पॅलेट कितीही शुद्ध असो, ते नियमाबाहेर गेलं.

खरा शिक्का असा ओळखायचा: डावीकडे गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, उजवीकडे देशाचा कोड (आपला आयएन), प्रक्रिया करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक आणि प्रक्रियेची खूण, म्हणजे एचटी किंवा एमबी. हाताने काढलेला चालत नाही. लाल किंवा नारिंगी शाई टाळायची, ते रंग धोकादायक मालाच्या खुणांसाठी असतात. समोरासमोरच्या निदान दोन बाजूंना मारून घ्या, म्हणजे कार्टन न हलवता दिसतो.

एचटी म्हणजे उष्णता. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. चेंबरच्या हवेचा आकडा दाखवून कुणी रिपोर्ट दिला तर तो बिनकामाचा. सेन्सर सगळ्यांत जाड ठोकळ्याला भोक पाडून आत घालायचा आणि भोकाचं तोंड नीट बंद करायचं. नाहीतर गरम हवा आत शिरते, सेन्सर खोटं वाचतो आणि गाभा पन्नाशीतच राहतो. मध्येच वीज गेली आणि तापमान ५६ च्या खाली उतरलं, तर ३० मिनिटं पुन्हा पहिल्यापासून.

एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. २१ अंश किंवा त्याहून जास्त तापमानात घनमीटरला ४८ ग्रॅम, किमान २४ तास. थंडीत मात्रा वाढते, आणि १० अंशाखाली ही प्रक्रिया करायचीच नाही. कमीत कमी माप २० सेंटिमीटरपेक्षा जास्त असलेल्या जाड लाकडाला ती चालत नाही. प्लॅस्टिक गुंडाळलेलं असेल तर धूर लाकडापर्यंत पोचत नाही, म्हणून आधी ते काढायचं. हा वायू ओझोनचा थर खातो, त्यामुळे शक्य असेल तिथे एचटीच घ्यावी.

साल आधी काढायची. ३ सेंटिमीटरपेक्षा अरुंद पट्टा कितीही लांब राहिला तरी चालतो. त्याहून रुंद असेल तर तो एक तुकडा ५० चौरस सेंटिमीटरच्या आत हवा. वखारीतल्या कडेच्या फळ्यांना हे जमत नाही, त्या माप घेतानाच बाजूला काढा.

प्लायवुडला आणि ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडाला सूट आहे. इथे फसगत ठरलेली: वर प्लाय, खाली कच्च्या लाकडाचे तीन ठोकळे. ठोकळ्यांमुळे अख्ख्या पॅलेटला शिक्का लागतो.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. एचटीने कीड मरते, लाकूड वाळतंच असं नाही. ओलं पॅलेट, वर सुती टॉवेल, बंद कंटेनर: बुरशी ठरलेली. आयएसपीएम १५ मध्ये ओलाव्याची अट नाही, ग्राहकाची असते. भरण्याआधी ओलावा मीटरने मोजा, २० टक्क्यांच्या खाली हवा.

आणि शेवटी ती पाचर. पॅलेटच्या रांगा नीट लागल्यात, दार लावायची वेळ झाली, आणि रांग हलू नये म्हणून हमाल दाराशी पडलेला लाकडाचा तुकडा फटीत ठोकतो. तोही नियमात येतो. अमेरिकेच्या बंदरात बिनशिक्क्याचा तुकडा सापडला तर माल परत पाठवायचा आदेश निघू शकतो, दंड वेगळा. भरणीच्या जागी शिक्केवाल्या पाचरींची एक टोपली ठेवा, किंवा सरळ हवेच्या पिशव्या वापरा.