आणिक आगारातल्या ट्रामगाड्या

मुंबईची बससेवा चालवणाऱ्या बेस्टचं संग्रहालय आणिक या बस आगारात तिसऱ्या मजल्यावर आहे. प्रवेश फुकट. तरी बहुतेक मुंबईकरांनी ते पाहिलेलं नसतं, कारण रस्त्यावरून दिसते ती नुसती आगाराची भिंत आणि आत-बाहेर करणाऱ्या बसगाड्या. मी गेले ती आत्याला घेऊन. आत्या पंचाहत्तरीची, परळच्या चाळीत वाढलेली. ट्राममध्ये बसलेली आमच्या घरातली आता ती एकटीच.

सोमवार-मंगळवार संग्रहालय बंद असतं, म्हणून रविवारची सकाळ ठरवली. हार्बर लाइनच्या लोकलने गुरु तेग बहादूर नगरला उतरलो आणि आत्याच्या गुडघ्यांचा विचार करून पुढे टॅक्सी केली. आगाराच्या गेटवर "म्युझियम बघायचंय" एवढं सांगितलं. वहीत नाव-गाव लिहून घेतलं आणि रखवालदाराने इमारत दाखवली. आगार चालू आहे, गाड्या मागे-पुढे होत असतात, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना कडेकडेनेच न्यावं. आत्या प्रत्येक मजल्यावर थोडी टेकत वर आली.

सुरुवातीला घोड्यांची ट्राम. 9 मे 1874 रोजी ती सुरू झाली. एक मार्ग कुलाबा ते पायधुणी, दुसरा बोरीबंदर ते पायधुणी. कंपनीच्या तबेल्यात सुमारे 900 घोडे होते. एवढ्या जनावरांचा दाणावैरण, नालबंदी, उन्हातली धाप, आणि त्यांच्या जिवावर चाललेली शहराची ये-जा! त्या छोट्या प्रतिकृतीसमोर मी बराच वेळ उभी राहिले. विजेची ट्राम आली ती 7 मे 1907 ला, आणि गर्दी पेलेना म्हणून 1920 मध्ये तिच्यावर दुसरा मजला चढला.

इथून पुढे फलक वाचायची मला गरज राहिली नाही. विजेच्या ट्रामची प्रतिकृती दिसताच आत्या बोलायला लागली. ड्रायव्हर पुढे उभा राहून गाडी चालवायचा आणि पायाने घंटा वाजवायचा. लालबागला मुलं चालत्या ट्रामला लटकायची, तिचा धाकटा भाऊ त्यात पुढे. दादर टी.टी.ला, म्हणजे ट्राम टर्मिनसला, गाडी रिकामी झाली की तिथूनच परत फिरायची. शेजारी एक शाळकरी मुलगा वडिलांबरोबर आला होता, तो प्रतिकृती सोडून तिचंच ऐकत बसला.

31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम सुटली. आत्या तेव्हा शाळेत होती. ती म्हणाली, "रूळ बरेच दिवस रस्त्यात तसेच होते गं, आम्ही त्यावरून तोल सांभाळत चालायचो." हे कुठल्या फलकावर लिहिलेलं नसतं. ट्राममध्ये बसलेली माणसं आता सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत; त्यांना इथे आणायचं तर ते लांबणीवर टाकू नये असं मला फार वाटतं.

बसचा भागही आहे. 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस धावली, 1937 मध्ये डबलडेकर आली. विजेच्या तारांखालून धावणाऱ्या ट्रॉलीबसचं तर मला नावही माहीत नव्हतं. 1962 मध्ये आली आणि 1971 मध्ये गेली. पण माझा जीव अडकला तिकिटांत. रंगीबेरंगी कागदी तिकिटं, ती देण्याची जुनी यंत्रं. माझ्या लहानपणी कंडक्टर चिमटा टकटक वाजवत यायचा, दोरी ओढून डबल बेल मारायचा. ते सगळं हातातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्राने पुसलं.

जुने वीजमीटर वगैरे आम्ही भरभर पाहिले. संबंध मात्र नीट आहे: 1905 ची मूळ कंपनी वीज आणि ट्राम दोन्ही चालवायची, आणि 7 ऑगस्ट 1947 ला ती महापालिकेकडे आली.

तुम्ही जाणार असाल तर आधी चौकशी करून वेळ पक्की करा, दोनेक तास हाताशी ठेवा आणि पाण्याची बाटली घ्या. परतीला टॅक्सीची वाट बघू नका. आगाराच्या दारातूनच बस मिळते.