द्राक्षाची पावती आणि आडवा झालेला सर्व्हर

मार्च महिना, द्राक्षाचा सीझन ऐन भरात, आणि दिंडोरीकडच्या एका व्यापाऱ्याचं बिलिंग आमच्याकडे. दुपारी फोन आला, "दादा, पावती डाउनलोड केली की सगळंच बंद पडतंय, काट्यावरचा पोरगा पण बोंबलतोय." एका पावतीने सगळं कसं बंद पडेल? मी कॉलेज रोडला मिसळ खात होतो, ती तशीच सोडून लॅपटॉप उघडला.

लॉगमध्ये नोडचा (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामचा) एरर, इन्व्हॅलिड कॅरॅक्टर इन हेडर कंटेंट. त्यांनी फाइलचं नाव ठेवलेलं 'द्राक्ष पावती' आणि आम्ही ते जसंच्या तसं कंटेंट-डिस्पोझिशन या हेडरमध्ये (हेडर म्हणजे उत्तरासोबत जाणारी माहितीची ओळ, यात फाइलचं नाव जातं) ढकलत होतो. हेडरमध्ये देवनागरी चालतच नाही, नोड तिथेच एरर फेकतो. आमच्या टेस्टमध्ये नाव काय, तर टेस्ट डॉट पीडीएफ! नाशिकमध्ये बसून मराठी नाव टाकून बघायचं कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

बरं, एरर आला तर आला, पण सर्व्हर का पडावा? तर पावती देणारं फंक्शन, म्हणजे हँडलर, असिंक (निकाल नंतर 'प्रॉमिस'मधून देणारं), आणि नोडवरची वेब लायब्ररी एक्सप्रेस ४, ती रिजेक्ट झालेला, म्हणजे फसलेला, प्रॉमिस पकडत नाही, आणि नोड १५ पासून न पकडलेलं रिजेक्शन म्हणजे अख्खी प्रोसेस खलास. पीएम२ (पडलेली प्रोसेस परत चालू करणारा प्रोग्राम) उठवतोय, हे परत क्लिक करतायत, परत आडवा. एक्सप्रेस ५ मध्ये हे आपोआप एरर मिडलवेअरकडे, म्हणजे एरर हाताळणाऱ्या कोडकडे, जातं, पण आम्ही अपग्रेड 'सीझन झाल्यावर' करणार होतो.

नाव दुरुस्त करणं सोपं होतं, फाइलनेमपुढे स्टार, मग यूटीएफ-८ आणि पर्सेंट एन्कोडिंग, म्हणजे प्रत्येक बाइटसाठी % आणि पुढे दोन कॅरॅक्टर. एकट्या 'द्राक्ष'ची ६३ कॅरॅक्टर होतात, असो.

खरी गंमत पुढे. एरर पकडणारा ट्राय-कॅच टाकला, एरर मिडलवेअर ५०० (सर्व्हरकडे चूक झाली, असा स्टेटस) आणि जेसनमध्ये एररचा मेसेज पाठवायला लागलं, आणि मी खूश. मग म्हटलं मुद्दाम फोडून बघू, सुपरटेस्ट या टेस्टिंग लायब्ररीने स्टेटस तपासला, ५००, बरोबर. सहज कंटेंट-टाइप (आत काय प्रकारचा मजकूर आहे ते सांगणारा हेडर) छापला तर अ‍ॅप्लिकेशन/पीडीएफ! कारण तो हेडर आम्ही एरर यायच्या आधीच लावलेला, आणि एक्सप्रेसचं जेसन फंक्शन आधीचा कंटेंट-टाइप असेल तर त्याला हात लावत नाही. म्हणजे ब्राउझरला सांगितलं पीडीएफ आणि आत एररचा मेसेज. नुसता स्टेटस बघणाऱ्या टेस्टला हे जन्मात दिसलं नसतं. आता मिडलवेअर आधी जुने हेडर काढतं, आणि रिस्पॉन्स निघून गेला असेल तर काही न लिहिता एक्सप्रेसकडेच सोपवतं.

आत येणाऱ्या हेडरचंही तेच. कंटेंट-टाइप बरोब्बर अ‍ॅप्लिकेशन/जेसन आहे का असं आम्ही तीन बरोबरची चिन्हं टाकून तपासायचो, काट्यावरचं मशीन मागे चारसेट (अक्षरांचं एन्कोडिंग कोणतं ते) लावायचं आणि बिचाऱ्याला ४१५, म्हणजे 'हा प्रकार चालत नाही', मिळायचा.

एक टेस्ट अजून लाल आहे. एक्सेलमधून आलेल्या शेतकऱ्याच्या नावात कुणीतरी ऑल्ट-एंटर मारलाय, म्हणजे नाव मध्येच नवीन ओळीवर गेलंय. मी म्हणतो ४०० ('पाठवलेली माहिती चुकीची') द्या, पार्टनर म्हणतो गुपचूप स्पेस करून टाक, व्यापारी म्हणतो पावती द्या.