पैज हरले म्हणून एडमंटनला

पैज मीच लावली होती, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. २०२४ मध्ये आइस हॉकीच्या स्टॅनले कपची अंतिम फेरी (सातपैकी चार सामने जिंकेल त्याचा कप) सुरू होण्याच्या आदल्या दिवशी एडमंटनला राहणाऱ्या माझ्या मावसभावाला, म्हणजे दादाला, मी फोनवर ठणकावून सांगितले होते की फ्लोरिडा पँथर्स एडमंटनच्या ऑइलर्सविरुद्धची ही मालिका फार तर पाच सामन्यांत संपवतील. आणि सहावा सामना खेळायची वेळ आलीच, तर मी कॅलगरीहून तीनशे किलोमीटर गाडी चालवत येईन आणि ऑइलर्सची नारिंगी जर्सी अंगात घालून भर गर्दीत त्याच्या शेजारी उभी राहीन. फ्लोरिडाने पहिले तीन सामने ३-०, ४-१ आणि ४-३ असे जिंकले, तेव्हा मी दादाचे सांत्वन करण्याचा आगाऊपणाही करून घेतला होता. त्यानंतर १५ जूनला एडमंटनने ८-१ असा धुव्वा उडवला, १८ जूनला फ्लोरिडाच्या घरात जाऊन ५-३ अशी मात केली, आणि परवा, २१ जूनच्या शुक्रवारी, अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी निमूटपणे उत्तरेकडे निघाले.

कॅलगरीत राहणाऱ्या माणसाने ऑइलर्सची जर्सी घालणे ही किती मोठी शिक्षा आहे, हे कॅनडातल्या आमच्या अल्बर्टा प्रांताबाहेरच्या वाचकाला पटकन कळणार नाही. ही दोन शहरे तेल, राजकारण आणि हॉकी या तिन्ही बाबतींत एकमेकांची भाऊबंद आहेत, आणि भाऊबंदकी म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. २०२२ मध्ये याच एडमंटनने आमच्या कॅलगरी फ्लेम्सना पाच सामन्यांत घरी पाठवले होते. त्या पाचव्या सामन्यात आमच्या ब्लेक कोलमनचा गोल ‘पक (खेळाची रबरी चकती) पायाने ढकलला’ असे म्हणून रद्द करण्यात आला, आणि तो गोल होता असे माझे आजही मत आहे.

डीअरफूट ट्रेल मागे पडला, एअरड्री ओलांडले, की दुसऱ्या क्रमांकाचा महामार्ग जवळजवळ सरळ रेषेत उत्तरेला जातो. कनोलाची शेते जुलैत पिवळीधमक होतात. जूनमध्ये ती नुसती हिरवी असतात आणि आभाळ फार मोठे दिसते. एरवी या रस्त्यावर पाहण्यासारखे विशेष काही नाही, परंतु परवा दर चौथ्या-पाचव्या गाडीच्या खिडकीला ऑइलर्सचा झेंडा फडफडत होता, आणि गंमत म्हणजे त्यांतल्या अनेक गाड्या माझ्यासारख्या कॅलगरीच्या बाजूनेच येत होत्या. रेड डीअरला, बरोबर निम्म्या वाटेवर, कॉफीसाठी थांबले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने मला कोणाच्या बाजूची म्हणून विचारले. जर्सी अजून मागच्या सीटवर पिशवीत होती, त्यामुळे मी ‘कॅनडाच्या’ असे गुळमुळीत उत्तर दिले. ते अगदीच खोटे नव्हते. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सनी १९९३ मध्ये हा कप जिंकला, त्यानंतर एकाही कॅनेडियन संघाला तो मिळालेला नाही, आणि एकतीस वर्षांचा हा उपास कोणाच्याही हातून सुटावा असे वाटणारे लोक फ्लेम्सच्या चाहत्यांतही आहेत, जरी ते चारचौघांत तसे बोलत नाहीत.

लेड्यूक आले की एडमंटन हाकेच्या अंतरावर येते. याच लेड्यूकजवळ फेब्रुवारी १९४७ मध्ये तेल लागले आणि सगळ्या प्रांताचे नशीब पालटले; ‘ऑइलर्स’ हे नाव आणि त्यांच्या बोधचिन्हातला तेलाचा थेंब त्या तेलाचाच. एका पेट्रोल पंपावर गाडी उभी करून मी जर्सी चढवली. आरशात पाहण्याचे टाळले.

दादाकडे वहिनींनी थालीपीठे करून ठेवली होती. ती उभ्या-उभ्या खाऊन आम्ही गावात निघालो. सामन्याचे तिकीट काढणे आमच्या ऐपतीबाहेरचे होते, त्यामुळे रॉजर्स प्लेस या ऑइलर्सच्या स्टेडियमच्या बाहेरच्या पटांगणात मोठ्या पडद्यावर सामना पाहायचा बेत होता. या पटांगणाला ‘मॉस पिट’ म्हणतात. जोई मॉस हा डाउन सिंड्रोम असलेला तरुण ऑइलर्सचा महान खेळाडू वेन ग्रेट्स्की याच्या शब्दावरून ऑइलर्सच्या ड्रेसिंग रूममध्ये मदतनीस म्हणून आला आणि काही दशके तिथे राहिला. २०२० मध्ये तो गेला. एखाद्या मालकाचे किंवा कप्तानाचे नाव न देता खेळाडूंचे टॉवेल आणि पाणी सांभाळणाऱ्या माणसाचे नाव चाहत्यांच्या जागेला दिले आहे, ही एक गोष्ट मी कॅलगरीला परतल्यावरही एडमंटनच्या बाजूने मान्य करीन. जवळच ग्रेट्स्कीचा कप उंचावलेला ब्राँझचा पुतळा आहे. १९८४ ते १९९० या सात हंगामांत या संघाने पाच वेळा कप जिंकला, त्यांतले चार ग्रेट्स्कीबरोबर आणि पाचवा तो लॉस एंजेलिसला विकला गेल्यानंतर. १९८८ च्या ऑगस्टमधल्या त्या व्यवहाराबद्दल इथली वयस्कर माणसे अजूनही घरातल्या कोणाबद्दल बोलावे तशी बोलतात.

सामना संध्याकाळी सहाला सुरू झाला. जूनमध्ये एडमंटनला सूर्य रात्री दहानंतर मावळतो, त्यामुळे बर्फावरचा खेळ आम्ही डोळ्यांवर ऊन घेत, घामाघूम होत पाहत होतो. आमच्या पुढे एक पंजाबी कुटुंब होते, आजोबांपासून नातवापर्यंत सगळे नारिंगी. पंजाबीतून आइस हॉकीचे समालोचन २००८ पासून होते, आणि ते करणारा हरनारायण सिंग याच अल्बर्टातल्या ब्रूक्स गावचा. ‘मराठीत केव्हा होणार?’ असे दादाने विचारले, तेव्हा मी म्हटले, आधी ‘फोरचेक’ला, म्हणजे समोरच्याच्याच हद्दीत घुसून पक हिसकावण्याला, शब्द शोध. दोघांनाही शेवटपर्यंत सापडला नाही.

आता खेळाकडे येते, कारण माझे मत बदलले ते तिथेच. चौथ्या आणि पाचव्या सामन्यांत एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडने प्रत्येकी चार गुण (गोल आणि गोलसाहाय्ये मिळून) मिळवले होते, आणि अंतिम फेरीत लागोपाठ दोन सामन्यांत असे यापूर्वी कोणी केलेले नाही. त्यामुळे माझा हिशेब सोपा होता: फ्लोरिडाचा अलेक्झांडर बार्कोव्ह मॅकडेव्हिडला एक रात्र बांधून ठेवील, आणि एडमंटनचा खेळ खलास होईल. बार्कोव्ह हा बचाव सांभाळणाऱ्या आघाडीपटूंमधला आजचा सर्वोत्तम खेळाडू आहे, असे मी अजूनही मानते. माझ्या हिशेबातला पहिला अर्धा भाग खरा ठरला. मॅकडेव्हिडला सहाव्या सामन्यात ना गोल मिळाला, ना गोलसाहाय्य. आणि तरीही एडमंटन ५-१ ने जिंकले. गोल केले वॉरन फोगेलीने, ॲडम हेन्रीकने, झॅक हायमनने, आणि शेवटी फ्लोरिडाने गोलरक्षक बाहेर काढून जादा खेळाडू आणल्यावर रिकाम्या जाळ्यात रायन मॅक्लाउड आणि डार्नेल नर्स यांनी. ही नावे मी मालिकेच्या आधी विचारातही घेतली नव्हती.

दुसऱ्या सत्राची सुरुवात तर मी जन्मभर विसरणार नाही. हेन्रीकने दुसरा गोल केला, पटांगणातला जल्लोष अजून ओसरला नव्हता, तोच काही सेकंदांत बार्कोव्हने पक जाळ्यात घातला. तीस एक हजार पावले एकाच वेळी थबकावीत तशी शांतता पसरली. मग एडमंटनच्या प्रशिक्षकांनी ऑफसाइडचा आक्षेप घेतला. पक समोरच्याच्या हद्दीची निळी रेषा ओलांडण्यापूर्वी आक्रमण करणाऱ्या बाजूचा कोणीही ती ओलांडता कामा नये, असा नियम आहे. आणि आक्षेप चुकीचा ठरला, तर आक्षेप घेणाऱ्या संघालाच दोन मिनिटे एक खेळाडू कमी घेऊन खेळावे लागते. म्हणजे २-१ आणि वर शिक्षा, किंवा २-० आणि सुटका. पडद्यावर तेच चित्र पुन्हा पुन्हा मागेपुढे होत होते, पुढच्या आजोबांनी डोळे मिटून घेतले होते, आणि मी, कॅलगरीची मी, ‘ऑफसाइड आहे, ऑफसाइड आहे’ असे मराठीतून पुटपुटत होते. गोल रद्द झाला. दादाने माझ्याकडे पाहिले आणि सभ्यपणे काहीच बोलला नाही.

हायमनने दुसरे सत्र संपता संपता एकट्याने धावत जाऊन तिसरा गोल केला, तेव्हा सामना संपल्यात जमा होता. बार्कोव्हने तिसऱ्या सत्राच्या आरंभी एक गोल फेडला, पण त्याने कोणाची झोप उडाली नाही. सामना सुटला तेव्हा लख्ख ऊन होते. जॅस्पर अव्हेन्यूपर्यंत माणसांचा लोंढा होता, गाड्यांचे हॉर्न थांबत नव्हते, आणि अनोळखी लोक माझ्या हातावर टाळ्या देत होते. पैज हरलेल्या माणसाचे इतके कौतुक मी कुठे पाहिले नाही.

आज रविवार आहे, मी परत कॅलगरीत आहे, आणि उद्या, २४ जूनला, फ्लोरिडात सातवा सामना आहे. ०-३ अशा पिछाडीवरून अंतिम फेरी जिंकण्याचा पराक्रम आजवर एकाच संघाने केला आहे, १९४२ मध्ये टोरोंटोने डेट्रॉइटविरुद्ध. १९४५ मध्ये डेट्रॉइटने त्याच टोरोंटोविरुद्ध ०-३ वरून ३-३ अशी बरोबरी साधली, पण सातवा सामना गमावला. एडमंटन त्या दोहोंपैकी कोणाच्या वाटेने जाईल, एवढाच आता प्रश्न आहे.

फ्लोरिडाच्या बाजूचे मुद्दे मी डोळ्याआड करीत नाही. घरचे मैदान त्यांचे आहे. सुमारे चार हजार किलोमीटरचा हवाई प्रवास दोघांनाही करावा लागला असला, तरी घरच्या पलंगावर झोपणे वेगळे. त्यांचे मनुष्यबळ सखोल आहे, आणि गेल्या वर्षी अंतिम फेरीत व्हेगासकडून हरल्याची सल ताजी आहे. शिवाय निर्णायक सामन्यात पंच शिट्टी जपून वाजवतात, हा चाहत्यांचा जुना अनुभव आहे. तसे झाले तर एडमंटनचा पॉवर प्ले, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेच्या पेटीत असताना पाचांनी चौघांवर तुटून पडण्याचे त्यांचे हुकमी अस्त्र, म्यानातच राहील. परंतु हीच बाब उलट्या बाजूनेही लागू पडते, कारण या मालिकेत एडमंटनने एक खेळाडू कमी असतानाही चौथ्या आणि पाचव्या सामन्यांत पहिला गोल केला होता, मॅटियास यानमार्कने आणि मग कॉनर ब्राउनने. शिक्षा भोगत असताना गोल करणारा संघ समोरच्याचा आत्मविश्वास कुरतडतो, आणि फ्लोरिडाचे खेळाडू परवा तसेच दिसले: पहिल्या सत्रात त्यांना जाळ्याकडे धड फटकेही मारता आले नाहीत.

घरच्या मैदानाचे म्हणाल, तर गेल्या तीन वेळी अंतिम फेरी सातव्या सामन्यापर्यंत गेली तेव्हा पाहुणा संघच जिंकला: २००९ मध्ये पिट्सबर्ग, २०११ मध्ये बॉस्टन, २०१९ मध्ये सेंट लुइस. एडमंटन स्वतः मात्र २००६ मध्ये कॅरोलायनात सातवा सामना हरले होते, आणि दादा ते आठवून देऊ नको म्हणतो. राहता राहिले गोलरक्षक. फ्लोरिडाच्या सर्गेई बोब्रोव्स्कीचा अनुभव मोठा, पण चौथ्या सामन्यात त्याला मधेच बाहेर बसवावे लागले होते. एडमंटनचा स्टुअर्ट स्किनर याच गावात जन्मला. आधीच्या एका फेरीत व्हँकूव्हरविरुद्ध त्याला काही सामने बाकावर बसवले गेले, तेव्हा इथल्या रेडिओवर त्याची जी सालटी काढली गेली ती मी ऐकली आहे. आज तेच लोक त्याच्या नावाची जर्सी घालून फिरतात.

तेव्हा माझे भाकीत असे. उद्याचा सामना आठ-नऊ गोलांचा होणार नाही. पहिला गोल फार महत्त्वाचा ठरेल आणि दोन्ही संघ एकमेकांना चुकांची वाट पाहायला लावतील. एडमंटन ३-२. सामन्याचा शेवटचा गोल मॅकडेव्हिडचा नसेल, तिसऱ्या-चौथ्या फळीतल्या कोणाचा तरी असेल. आणि एडमंटन हरले, तरी प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेऱ्यांच्या, सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक मॅकडेव्हिडलाच मिळेल. याबाबतीत मी दुप्पट पैज लावायला तयार आहे. त्याची ३४ गोलसाहाय्ये हा एका प्लेऑफ हंगामातला विक्रम आहे, खुद्द ग्रेट्स्कीचा ३१ चा विक्रम त्याने मागे टाकला. पराभूत संघातल्या खेळाडूला हा मान आजवर पाच वेळा मिळाला आहे, आणि त्यांतले चार गोलरक्षक होते. आघाडीपटू एकच, १९७६ मधला रेगी लीच.

दादाला हे भाकीत सकाळी फोनवर सांगितले, तर तो बराच वेळ काही बोललाच नाही. ‘तू म्हणालीस म्हणून आता धडधडायला लागलं,’ असे शेवटी म्हणाला. मागचे भाकीत पाहता त्याची भीती रास्त आहे. जर्सी त्याला परत पाठवायची राहून गेली आहे; ती धुऊन मागच्या गॅलरीत, शेजाऱ्यांना दिसणार नाही अशा बाजूला, वाळत घातली आहे, आणि उद्या संध्याकाळपर्यंत ती वाळेल.